अर्जाआधीचं टाचण

भोपाळच्या अवधपुरीत, भेलच्या वसाहतीला लागून आमचं घर आहे. मुलगी कॉलेजात गेली आणि मीही अभ्यासाला बसले. इग्नूची पॅरालीगलची पदविका. मला वकील व्हायचं नाही. वकिलापर्यंत पोचूच न शकणाऱ्या माणसाबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत चालायचं, एवढंच या शिक्षणाचं काम, आणि ते मला मोठं वाटतं.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचलं तेव्हा मी अस्वस्थ झाले. सरकारी खर्चानं वकील मिळवायला बाईला उत्पन्नाची अटच नाही. कायदा लागू झाला १९९५ साली. आमच्या कॉलनीत धुण्याभांड्याला येणाऱ्या बायकांना मात्र अजून त्याचा पत्ता नाही. ‘दीदी, वो तो बीपीएल वालों के लिए होगा,’ असं त्या म्हणतात.

त्यांच्यातल्याच एकीला नवऱ्यानं सोडलं होतं. तो इटारसीकडे कामाला गेलेला, म्हणजे दावाही तिकडेच लावावा लागणार, असं तिनं धरून ठेवलं होतं. तसं नाही. पोटगीचा अर्ज ती राहते तिथंही करता येतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५ आता नव्या संहितेत १४४ झालंय, तरी ही सोय कायम आहे. भोपाळला कुटुंब न्यायालयही आहे.

मग टाचण करायला बसलो. ती सासूपासून सुरुवात करायची, मध्येच दिराच्या लग्नावर जायची, रडायची. मी थांबवलं नाही. पुस्तकात ‘तथ्ये क्रमाने मांडा’ एवढंच एक वाक्य असतं. पण दुखावलेल्या माणसाला क्रम नसतो, तो आपण लावायचा असतो. तारखा तिला आठवत नव्हत्या. ‘धाकटा पोटात होता, त्या दिवाळीला’ असं सांगायची. मग मुलाच्या जन्मदाखल्यावरून साल लागलं. दिराचं लग्न वगळलं. नवऱ्यानं पैसे पाठवणं कधी बंद केलं ते वर घेतलं, कारण न्यायाधीश आधी तेच विचारणार.

ते टाचण घेऊन आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. पुढचा मसुदा वकिलांनी केला. कोर्टात बाजू मांडण्याचा अधिकार त्यांचाच, आणि ती मर्यादा मला पटते.

आता अडलंय ते नवऱ्याच्या कमाईपाशी. तिच्याकडे कागद नाही. पण रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय की दोन्ही बाजूंनी आपापल्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. त्यानं खरं लिहिलं नाही तर दाखवायला काहीतरी हाताशी हवं. म्हणून तो कुठल्या ठेकेदाराकडे लागलाय, ते तिचा भाऊ शोधतोय.