गाळलेला अनुस्वार

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही मार्वे जेटीवरून फेरीबोटीने मनोरीस गेलो. खाडी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. रस्त्याने जायचे तर भाईंदरचा वळसा पडतो. सोबत आमचा एक जुना विद्यार्थी होता. एके काळी आमच्या व्याकरणाच्या वर्गात बसलेला, आता आभासी चलनांच्या संगणकीय नियमावल्या लिहिणारा.

किनाऱ्यावर चालताना तो म्हणाला, "सर, उद्या एका जुन्या नियमावर मत द्यायचे आहे, ठेवावा की गाळावा. तुम्हीच शिकवले होते, ज्याचे कारण सांगता येत नाही तो नियम गाळावा."

वाक्य आमचेच होते. नवी भर घालण्याचे धोके त्याला ठाऊक होते. इथेरियमने कोणताही करार लिहिता येईल अशी मुभा दिली. जून २०१६ मध्ये 'द डाओ' या करारातील एका फटीतून सुमारे ३६ लाख इथर वळवले गेले, आणि जुलैत ते परत फिरवण्याच्या वादात साखळीच दुभंगली. म्हणून साधेपणा बरा, असे त्याचे मत. पण बिटकॉईनची गोष्टही त्यानेच सांगितली. २०१७ साली आलेल्या आवृत्तीत, काम जलद व्हावे म्हणून, एक तपासणी पुनरुक्ती समजून गाळली गेली. एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा खर्चले जात नाही ना, हे पाहणारी ती तपासणी. सप्टेंबर २०१८ मध्ये ही चूक उघडकीस आली. बिटकॉईनच्या साखळीवर कोणी तिचा गैरफायदा घेतला नव्हता, हे नशीब.

आम्हांला आमचा अनुस्वार आठवला. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. लिहिणे सोपे झाले, आणि त्या सोपेपणाचे आम्ही वर्गात आयुष्यभर समर्थन केले. पण पूर्वी 'तें' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन, हे डोळ्यांनाच कळे. आता ते संदर्भावरून ओळखावे लागते. बिंदू मुका होता, निरर्थक नव्हता. तो गाळणे चूक होते असे आम्ही आजही म्हणणार नाही; मात्र त्याची किंमत आम्ही विद्यार्थ्यांना कधी सांगितली नाही.

"कारण ठाऊक नसणे आणि कारण नसणे," आम्ही म्हणालो, "या दोन गोष्टी एक नव्हेत. आम्ही तुला अर्धेच शिकवले."

तो परतीची बोट सुटेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "उद्या मत देत नाही. तो नियम कुणी, कशासाठी घातला ते आधी शोधतो."

घरी येऊन आम्ही टाचणवही काढली. ते वाक्य खोडले नाही. त्यापुढे फक्त 'परंतु' लिहून ठेवले.