भेट आलेली पटाशी आणि आपले हात

आमच्या मेडिकल कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तुमचाही असेलच. डिसेंबर आला की तिथे चिठ्ठ्या टाकून नाताळच्या भेटींचा खेळ होतो. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट पाठवायची. मला आजवर कॉफीचे मग आणि सुका मेवा मिळत आला. या वेळी मात्र दोन हातांनी उचलावं लागेल असं खोकं आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोखंडी रंधा, तीन पटाश्या, छोटी करवत, गुण्या, लाकडी हातोडा आणि धार लावायचा दगड!

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. पटाशी, हातोडा, करवत, कानस या वस्तू हाडांच्या डॉक्टरच्या ऑपरेशनच्या ट्रेमध्येही असतात, फक्त स्टीलच्या. आणि आमच्या बॅचमधल्या हाडांच्या डॉक्टरांपैकी सुतारकामाचं वेड एकालाच आहे.

आता रविवारी सकाळी मी बाल्कनीत सागाच्या एका जुन्या फळीशी झटतो. रंधा नीट लागला की पापुद्रा कुरळा होऊन बाहेर येतो, तो आवाज ऐकण्यासारखा असतो. अर्ध्या तासात मनगट भरून येतं. साठीच्या आसपासच्या माझ्या पेशंटना मी चालायला सांगतो आणि ते चालतातही, पण हातांना काम कोण देतं? मुठीची ताकद हा एकूण प्रकृतीचा चांगला अंदाज देते. भारतासह 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांचा एक अभ्यास 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. त्यात मुठीची ताकद दर 5 किलोने कमी असेल तसा मृत्यूचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे मूठ आवळण्याचा व्यायाम केला की आयुष्य वाढतं, असं मात्र नव्हे. कमकुवत मूठ ही बऱ्याचदा एकूणच स्नायू झिजल्याची खूण असते.

पण हे खोकं उघडताना मला आधी आठवले ते माझे एक पेशंट. पिढीजात सुतार. डाव्या हाताच्या तर्जनीला, तळहाताच्या बाजूने, पटाशी लागली. त्यांनी हळद दाबली, फडकं बांधलं आणि कामाला लागले. बारा दिवसांनी माझ्याकडे आले ते बीपीच्या गोळ्या न्यायला. जखम छान भरली होती. "बोट वाकवा बघू," म्हटलं, तर शेवटचं पेर हललंच नाही. आतली दोरी, म्हणजे स्नायुबंध, तुटला होता. तुटलेला स्नायुबंध ताणलेल्या रबरासारखा मागे सरकतो आणि जितका उशीर होईल तितकं तो पुन्हा जोडणं अवघड होतं. ऑपरेशन झालं, पण ते पेर पूर्ण वाकत नाही. आता खिळा धरायला ते मधलं बोट वापरतात.

म्हणून घरात सुरी लागो की पटाशी, एवढं करा. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने धुवा. हळद, कॉफी, टूथपेस्ट यांतलं काहीही भरू नका, आम्हाला ते नंतर खरवडून काढावं लागतं. मग बोटाचं प्रत्येक पेर वेगवेगळं वाकवून आणि सरळ करून पाहा, आणि जखमेच्या पुढे दोन्ही कडांना स्पर्श कळतो का तेही पाहा. एखादं पेर हलत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर जखम अर्ध्या इंचाची असली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लहान जखमही दाखवलेली बरी.

आता तुमचा ठरलेला प्रश्न: "डॉक्टर, गंजलेलं होतं, इंजेक्शन?" धनुर्वाताचे जंतू गंजातून तयार होत नाहीत. ते माती, शेण आणि धुळीत असतात. स्वच्छ चकचकीत पटाशीनेही, हाताला माती असेल तर, ते आत जाऊ शकतात. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर एक घ्यावा. दर सहा महिन्यांनी टोचून घ्यायची आपल्याकडची सवय निरर्थक आहे. डोस कधीच घेतले नसतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा जखमेनुसार लसीसोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागू शकतं.

मित्राने धारेचा दगड का पाठवला, ते पटाशी हातात घेतल्यावर कळलं. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. लाकूड शिकंज्यात आवळा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. त्या सुतारकाकांनी लाकूड डाव्या हातात धरलं होतं.

राहिला भुसा. रंध्याचे पापुद्रे जाड असतात, ते नाकात जात नाहीत. खरा त्रास पॉलिश पेपरने घासताना उडणाऱ्या बारीक धुळीचा. दमा असेल तर ती लगेच जाणवते, आणि वर्षानुवर्षं तीच धूळ हुंगणाऱ्यांत नाकाच्या पोकळीचा एक कॅन्सर जास्त आढळतो. घासायचं काम उघड्यावर करा, एन-95 मास्क लावा, आणि नंतर झाडू न फिरवता ओल्या फडक्याने पुसा.