योसेफाचा झगा

वराळ्याच्या बाजूने भंडाऱ्याच्या डोंगराकडे पाहताना तुकोबांबरोबर मला बायबलातला योसेफही आठवतो. पोटीफराच्या बायकोने झगा धरला, तो तिच्याच हाती टाकून हा तरुण दास पळाला. वर तुरुंगात गेला. मला तो फार जवळचा वाटतो. मन ताब्यात नसले तरी पाय असतात! पण ख्रिस्ताने पाप धरले ते नजरेपाशी. वासनेने पाहिले, की मनात घडलेच. आता पळून जावे कुठे? तुकोबा पळाले नाहीत. एकांतात भुलवायला आलेल्या बाईला त्यांनी माता म्हटले, अशी कथा आहे. नजरच निराळी! १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड टिळक म्हणत, आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून.