डबीतली आजी

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात पत्त्यांच्या कॅटाहून किंचित मोठी अशी एक काळी डबी आहे. मागल्या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्यासमोर आली, तेव्हा त्याने ती हातात तोलून पाहिली आणि वीस रुपये सांगितले. मी ती त्याच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. बिचारा गोंधळला. त्याला वाटले, भाव कमी पडला. त्याने तीस केले. आता त्याला कसे सांगायचे, की या डबीत माझी आजी आहे आणि ती गेली तीन वर्षे मला उत्तर देत नाही?

गोष्ट 2003 सालची. एम. ए. च्या लघुप्रबंधासाठी मी जात्यावरच्या ओव्यांचा विषय घेतला होता. विषय घेतानाच मनात हिशेब होता, की आईची आई हयात आहे, वर्धा नदी ओलांडली की वणीच्या बाजूला तिचे गाव. म्हणजे घुग्घुसहून सकाळी जावे नि संध्याकाळी परत यावे. शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून घेतला, दोन कोऱ्या कॅसेटी घेतल्या आणि आजीपुढे जाऊन बसलो. आजी गप्प. "म्हण ना," म्हटले, तर म्हणाली, "खुंटा हाती नसला तं आठवत नाई रे बापू." गावात पिठाची गिरणी येऊन कितीतरी वर्षे झाली होती, जाते गोठ्याच्या कोपऱ्यात पालथे पडले होते. ते उचलून आणले, झाडले, मूठभर ज्वारी घातली. आजीने खुंट्याला हात घातला मात्र, आणि ओवीमागून ओवी अशी येऊ लागली की कॅसेटची बाजू कधी संपली हे मला कळलेच नाही. त्या फितीवर आजीच्या आवाजाखाली अखंड घरघर आहे. माझे मार्गदर्शक म्हणाले होते, "ही घरघर नसती तर बरे झाले असते." मला मात्र पुढे ती घरघरच जास्त आवडू लागली.

कॅसेटची फीत म्हणजे काय, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. पुढे वाचले, तेव्हा मोठी गंमत वाटली. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड बसवलेली असते. म्हणजे साध्या भाषेत गंजच की! आवाजाची विजेत झालेली लहर त्या गंजाच्या कणांना कमीअधिक चुंबकत्व देऊन जाते आणि कण ते लक्षात ठेवतात. आमच्या घुग्घुसात गंजाला काय तोटा? कोळशाच्या खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न यांच्या मधोमध वसलेले हे गाव. दोरीवर वाळत घातलेले पांढरे धोतर संध्याकाळी राखी होऊन घरात येते. जी वस्तू दारेखिडक्या खाते तीच वस्तू आजीचे गाणे जपते, हे कळल्यावर मी कुंपणाच्या गंजक्या तारेकडेही काही दिवस आदराने पाहत होतो.

हे चुंबकाचे प्रकरण संगणकात फार जुने आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली जो संगणक उभा राहिला, ज्याला पुढे 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले, त्याची स्मृती फेराइटच्या इवल्या इवल्या कड्यांची होती. फेराइट हेही लोहाच्या ऑक्साइडचेच भावंड. प्रत्येक कडीतून बारीक तारा ओवलेल्या. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर एक, उलट दिशेने झाली तर शून्य. अशा तऱ्हेच्या कड्या ओवण्याचे काम जगभर बहुतांशी बायकांच्या हातांनी झाले, कारण ते यंत्राला लवकर जमेना. 'ओवी' हा शब्द 'ओवणे' वरून आला असे आम्ही वर्गात सांगतो. त्या दिवसापासून ते सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आजी आणि टिफ्रॅक शेजारी शेजारी येऊन बसतात, आणि मुलांना वाटते सर उगीच हसतात.

आणि त्या महाकाय यंत्राची स्मृती केवढी? चाळीस चाळीस अंशांचे 2048 शब्द, म्हणजे आजच्या मापाने दहा हजारांच्या थोडी वर अक्षरकोठारे, ज्यांना बाइट म्हणतात. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. आपल्या देवनागरीचा प्रत्येक वर्ण मात्र युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत तीन बाइट मागतो. काना, वेलांटी आणि पायमोडका हलन्तसुद्धा वेगळे तिकीट काढूनच आत येतात. एकटा 'क्षि' बारा बाइट खातो! त्या भावाने टिफ्रॅकमध्ये आजीच्या ओव्यांची जेमतेम एक-दोन पाने मावली असती, आणि मग यंत्राला आकडेमोड करायला जागाच उरली नसती. अमेरिकेत 1956 साली निघालेल्या पहिल्या चकतीच्या साठवणयंत्रात चोवीस चोवीस इंचांच्या पन्नास चकत्या होत्या, वजन टनाच्या वर, आणि मावत होती पन्नास लाख अक्षरे. आज नखाएवढ्या कार्डात त्याच्या हजारो पट मावते. पण किती मावते हा प्रश्न मला कधीच पडला नाही. किती दिवस राहते, हा पडला. आणि तोही उशिरा पडला.

2009 साली मी त्या दोन्ही कॅसेटी चंद्रपूरला नेऊन संगणकावर उतरवून घेतल्या. तेव्हा पहिला धक्का बसला. दुसऱ्या कॅसेटच्या मागल्या बाजूला, आजीला पुसून, माझ्या धाकट्या भावाने रेडिओवरची गाणी भरली होती. त्याला काय म्हणणार? आमच्याच जिल्ह्यात नागभीडकडे देवटेक येथे एक शिळा सापडली. ती आता नागपूरच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर मौर्यकाळातला, प्राण्यांना धरू-मारू नये अशा अर्थाचा लेख होता. पाच-सहाशे वर्षांनी वाकाटक राजा रुद्रसेनाच्या काळी त्याच दगडावर दुसरा लेख कोरला गेला आणि जुन्यातली काही अक्षरे त्यात गेली. महामहोपाध्याय मिराशींनी उरलेल्या अक्षरांवरून त्याचा अर्थ लावला. तयार दगड दिसला की नवा कोरण्याचे कष्ट कोण घेतो! भावाला मी हे सारे सांगितले. तो म्हणाला, "मग मी वाकाटक झालो की."

उरलेल्या आजीच्या दोन सीड्या झाल्या. एक मी ठेवली, दुसरी मावशीला दिली. मूळ कॅसेटी त्या वर्षीच्या दिवाळीत घराबाहेर गेल्या; मीच टाकल्या. सीडी म्हणजे कायमचे, अशी माझी ठाम समजूत होती. दुकानात भरून मिळणाऱ्या सीडीत मजकूर एका रंगद्रव्याच्या थरात लेसरच्या चटक्याने उमटवलेला असतो, आणि ते रंगद्रव्य ऊन नि उष्णता यांना भिते, हे मला कोणी सांगितले नव्हते. आमच्याकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसपर्यंत जातो, आणि माझी सीडी टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर होती. मावशीची सीडी पाहायला गेलो, तर ती ज्वारीच्या शेतात काठीला दोरीने बांधून लटकत होती. पोपटांना भिववायला! मावशी निर्मळ मनाने म्हणाली, "गाणं तं आता मोबाइलवरच ऐकतो आम्ही. थे चकती चमकते लई, म्हून बांधली." आजीला हे आवडले असते, असे मला अजूनही वाटते. तिने जन्मभर पाखरेच हाकली.

सुदैवाने 2014 सालीच मी संगणकातला सगळा ऐवज या काळ्या डबीत भरून ठेवला होता. हिच्या आत काचेची किंवा ॲल्युमिनियमची गुळगुळीत चकती मिनिटाला पाच हजार चारशे फेरे घेते, आणि तिच्यावरून वाचणारी सुई तिला न शिवता तरंगत जाते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजारो हिश्श्यांएवढे. धुळीचा कण आत गेला तर त्या सुईपुढे डोंगर उभा राहावा. म्हणून डबी बंद, हवा गाळून आत घेणारी. घुग्घुसमध्ये राहून असल्या यंत्रावर भरवसा टाकायचा, म्हणजे कोळशाच्या वखारीत मलमल वाळत घालण्यासारखेच होते. पण डबी आठ वर्षे नीट चालली. तिचा घात धुळीने केला नाही.

2022 च्या ऑगस्टात आमच्या गावातल्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी. घरातली माणसे हादरा जाणवताच बाहेर पडली म्हणून वाचली. तो खड्डा मी पाहून आलो आणि त्या रात्री गावात फारसे कोणी झोपले नसावे. आमच्या घरी गोष्ट निघाली, की पळायची वेळ आली तर कोण काय उचलील? बायकोने कागदपत्रांची पिशवी सांगितली, मुलाने सायकल, आईने देव. मी म्हणालो, डबी. आणि बोलून थांबलो नाही. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या पिशवीत आली. कोळशाच्या ट्रकांनी चाळण केलेल्या रस्त्यावरून स्कूटरवर ती माझ्याबरोबर रोज कॉलेजात जाऊ लागली, घरी येऊ लागली. तान्ह्या मुलासारखी मी तिला कुठे एकटी ठेवीना. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती संगणकाला जोडलेली असताना माझ्याच कोपराचा धक्का लागून टेबलावरून खाली पडली. आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला. घरात ठेवली असती तर ती आजही चालू असती, आणि आमचे घर अजून जमिनीच्या वरच आहे.

नागपूरला एक तरुण अशा डब्या उघडतो. धूळ नसलेल्या पेटीत त्याने ती उघडली आणि मला बोलावून दाखवली. आरशासारख्या चकतीवर एक बारीक, सुबक वर्तुळ उमटले होते. जात्याच्या तळीवर पडते तसे. "सर, सुई टेकली. इथला माल गेला." त्याने पैसे घेतले नाहीत. मात्र जाताना विचारले, "दुसरी प्रत नव्हती?"

हा प्रश्न मराठीच्या मास्तराला विचारावा, याहून लाजिरवाणे काय! दर वर्षी मी वर्गात लीळाचरित्राची कथा सांगतो. रिद्धपुरास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा कष्टाने मिळवून ग्रंथ सिद्ध केला, देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि पुढे हिराइसेसारख्यांच्या मुखोद्गत पाठांवरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. पाठभेद आले, पण ग्रंथ आला. संगणकवाल्यांचा आज नियम आहे, की मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि एक तरी दूर, दुसऱ्या गावी असावी. महानुभावांनी तो सातशे वर्षांपूर्वी न ठरवता पाळला होता. ज्यांना परवडते ते मोठमोठे संग्रह अजूनही शेवटची प्रत चुंबकीय फितीवरच ठेवतात, हेही मला त्याच सुमारास कळले. एका हातात मावणाऱ्या फितीच्या खोक्यात तेव्हाच अठरा हजार अब्ज बाइट मावत होते. आणि मी फीतच टाकली होती.

हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या आता 'परी' या संग्रहात कोणालाही वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. पडेल मनाने मी त्या ऐकत बसलो. कोणातरी आजीचा आवाज होता, माझ्या नव्हे.

शब्द मात्र सापडले. 2004 साली सगळ्या ओव्या टंकून मार्गदर्शकांना ई-मेलने पाठवल्या होत्या; ते पत्र तिथेच पडून होते. आनंदाने उघडले, तर पडद्यावर कंस, टिंबे, डॉलरची चिन्हे. युनिकोड सर्रास होण्याआधीच्या कुठल्याशा फाँटात तो मजकूर होता आणि तो फाँट जगातून उठला होता. अक्षरे होती, किल्ली हरवली होती. महानुभावांच्या सांकेतिक सकळ लिपीची किल्ली राजवाड्यांनी 1910 च्या सुमारास लावली, तोवर त्या पोथ्या बाहेरच्यांना अशाच दिसत असतील. मी राजवाडे नव्हे. पण लघुप्रबंधाच्या छापील परिशिष्टात चाळीस ओव्या होत्या. त्या समोर ठेवून कोणते चिन्ह कोणत्या अक्षराचे, याचा तक्ता केला. पुण्याच्या भाच्याने तो तक्ता संगणकाला शिकवला, आणि एका रविवारी दोनशे अकरा ओव्या देवनागरीत माझ्यापुढे आल्या. तीन ठिकाणी आता प्रती आहेत. त्यांतली एक कागदावर आहे.

त्या मी आईला वाचून दाखवू लागलो, तर चौथ्या-पाचव्या ओवीलाच तिने मला थांबवले. "असं नाई थे. तिनं असं नसतंच म्हटलं." मग म्हण तर, म्हटले. ती गप्प बसली. कारण मला ठाऊक होते. गल्लीत एकांकडे हळदीच्या दिवशी पूजेला लागते म्हणून एक जाते जपून ठेवलेले आहे. ते दोघांनी उचलून आणले, ओसरीवर मांडले, मूठभर ज्वारी घातली. मी फोन जवळ ठेवला आणि हातात यादी घेतली.

आईचा आवाज आजीसारखा नाही. तो जाड आहे आणि चढावर फुटतो. पण घरघर तीच. ओवी झाली की मी यादीवर खूण करीत होतो. कुठे शब्द निराळे, कुठे ओळ मागेपुढे, दोन ओव्या तर यादीत नव्हत्याच. खुणा होता होता मधली एक तशीच राहिली. आजीने लेकीला सासरी धाडतानाची ओवी होती ती, आईचे नाव घालून म्हटलेली. मी म्हटले, "ही एक राहिली." आई जाते फिरवीतच होती. म्हणाली, "थे माया आईनं म्हणाव. मी काहून म्हणू?"

मी फोन तसाच चालू ठेवला. ज्वारी संपेपर्यंत त्यात नुसती घरघर आहे.