औट्रम घाटाची वाट

गिरणेकाठचे भडगाव पाहायला मुंबईकराने कजगाव स्टेशनावर उतरावे आणि केळीच्या बागा, कपाशीची शेते पाहात मोटारीने गावात यावे. अहिराणी कानांवर पडली की खानदेशाची खूण पटते. पण तेवढ्यावर माघारी फिरू नये. दक्षिणेला चाळीसगाव गाठावे आणि कन्नडकडे जाणारा सातमाळ्याचा घाट चढावा. कोणी त्याला कन्नड घाट म्हणतात. जुने नाव औट्रम घाट.

हा औट्रम कोण? 1818 साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. आला तो मैदानापुरता. डोंगर भिल्लांचे होते. भिल्ल काही जन्माचे लुटारू नव्हेत. गावची जागल करून हक्काचे धान्य घेणारी ही माणसे. होळकरी धामधुमीत आणि 1803-04 च्या दुष्काळात गावे ओस पडली, हक्क बुडाले, तेव्हा त्यांनी डोंगर धरला. कॅप्टन ब्रिग्जने पलटणी घातल्या, घाटवाटा अडवल्या. एक नाईक पकडावा तो दुसरा उभा! शिवाय रानातल्या तापाने शिपाईच अंथरूण धरीत.

मग 1825 साली एल्फिन्स्टनसाहेबाने पवित्रा बदलला. बावीस वर्षांचा लेफ्टनंट जेम्स औट्रम धरणगावाकडे आला. आधी त्याने हत्यार चालवलेच. पण पुढे भिल्लांत बसू-उठू लागला, त्यांच्यासंगे वाघ मारू लागला आणि त्यांचीच पलटण उभी केली. भिल्लाला धरायला भिल्ल! इकडे कन्नडला कंपनीचा एजंट बसला. मागले गुन्हे माफ, कसायला जमीन, वर बैलांसाठी, बियाण्यासाठी तगाई.

मला विचाराल तर पलटणीहून ही तगाई जबर. बंदुकीपुढून माणूस पळून तरी जातो. तगाईचा बैल दावणीला बांधल्यावर तो जाणार कोठे? औट्रम मनाचा दुष्ट नव्हता, भिल्लांचा त्याच्यावर जीवही असावा. म्हणूनच तो सरकारला इतका उपयोगी पडला.

कंपनीची राजवट सर्वंकष म्हणावी अशी नव्हती, हे खरे. घराघरांत शिरण्याइतकी माणसे तिच्यापाशी नव्हती. ते काम पुढल्या शतकातल्या राजवटींनी केले. 1932 साली स्टालिनने देशातल्या देशात पासपोर्ट लावला आणि बहुतेक शेतकऱ्यांना तो दिलाच नाही. माणूस आपोआप गावाला जखडला. कन्नडचा बैल आणि मॉस्कोचा पासपोर्ट यांत मला नाते दिसते, ते एवढ्यापुरते.

पलटणीचा खरा उपयोग एप्रिल 1858 मध्ये झाला. सातपुड्यातल्या अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल उठले होते. हा खाज्या पूर्वी सेंधव्याच्या घाटात सरकारचाच चाकर! त्यांच्यावर जी फौज गेली तीत औट्रमची भिल्ल पलटणही होती. पकडलेल्या कित्येकांना तेथेच गोळ्या घातल्या, बायकामुले कैद झाली.

घाटाच्या वळणांवर मोटार हळू चालते. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, डोंगर अजून हिरवा असतो आणि खाली चाळीसगावाकडचे रान दूरवर दिसते. डाव्या-उजव्या कडेची खिडकी मिळेल तर सोडू नका.