काटा एकशेवीसच्या पुढे

वाचकहो, लग्नकार्याला म्हणा, शिर्डीच्या दर्शनाला म्हणा, समृद्धी महामार्गावरून जाण्याची वेळ तुमच्यावर कधी ना कधी येईलच. नागपूरजवळ शिवमडक्याला गाडी या रस्त्याला लागते. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असे जिल्हे एकेक मागे पडतात आणि दहा जिल्हे ओलांडून हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ठाणे जिल्ह्यात आमण्याला पोहोचतो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. तुमच्यापैकी कित्येकांची जमीन या रस्त्यात गेली असेल. तेव्हा हा रस्ता तुम्हाला परका नाही.

खिडकीतून बाहेर पाहा. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. गावाकडचा रस्ता आडवा येत नाही, तो पुलाखालून निघून जातो. बैलगाड्या, शेळ्यामेंढ्या खालूनच जातात. ट्रॅक्टर आणि दुचाकी यांना वर मज्जाव आहे. चौक नाही, बाजार नाही, गतिरोधक नाही. रस्ता सरळ, रुंद आणि गुळगुळीत.

आणि इथेच खरी गोम आहे. खाचखळग्याच्या रस्त्यावर साठचा वेगही अंगाला जाणवतो. इथे गाडी शंभरावर गेली तरी ती रमतगमत चालली आहे असे वाटते. सपाटीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात १०० ची. पण गाडी चालवणारा भाचा म्हणतो, "मामा, दहा-वीस वर चालतंच की!" मग काटा १३० वर जातो, थोड्या वेळाने १४० वर. एखादी गाडी सुसाट पुढे निघून गेली, की आपणच मागे राहिल्यासारखे वाटून पाय आणखी दाबला जातो. पाटीवरचा आकडा ही शेवटची हद्द आहे हे विसरून तो सुरुवातीचा आकडा आहे असे धरून माणसे चालतात.

आता जरा हिशेब करू. नागपूर ते शिर्डी १२० च्या वेगाने अखंड गेलात तर ४ तास २० मिनिटे लागतील. १४० ने गेलात तर ३ तास ४३ मिनिटे. म्हणजे एवढ्या लांबच्या प्रवासात वाचली ३७ मिनिटे. वाटेत चहा-नाश्त्याला थांबलो की तेवढी सहज जातात. शंभर किलोमीटरच जायचे असेल, तर बचत अवघी सात मिनिटांची.

या सात मिनिटांची किंमत काय? पुढे काही दिसले की पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात १२० च्या वेगाने गाडी ११० फूट पुढे गेलेली असते, १४० ने जवळजवळ १२८ फूट. त्यानंतर कुठे ब्रेक लागायला सुरुवात होते. पुढचा मालट्रक ८० ने चाललेला असतो, म्हणजे १४० वाली गाडी त्याच्यावर दर सेकंदाला ५५ फूट चालून जाते. शिवाय वेग दुप्पट झाला की टकरीचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. त्यात उन्हाळ्याचे दिवस आणि झिजलेले टायर असले, तर वेगाबरोबर टायर तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर एक खासगी बस आदळून उलटली आणि पेटली. २५ माणसे गेली. त्या अपघाताचे खापर वेगावरच फोडता येणार नाही. पण एकसुरी रस्त्यावर रात्री डोळा लागू शकतो, टायर फुटू शकतो, चूक कोणाचीही होऊ शकते. अशा वेळी सावरायला किती अवधी मिळेल आणि धक्का किती जोराचा बसेल, हे वेगच ठरवतो.

म्हणून बंधूंनो आणि विशेषतः भगिनींनो, काट्यावर नजर ठेवण्याचे काम चालवणाऱ्या एकट्यावर सोडू नका. शेजारी बसलेल्याने ते करावे. काटा १२० च्या पुढे गेला की मोकळेपणाने सांगावे, "बाळा, जरा हळू घे." तरुण पोराला राग येईल, येऊ द्या. निघण्यापूर्वी टायर पाहा, मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधा, दोन तासांनी उतरून पाय मोकळे करा. मुहूर्त गाठायचाच असेल तर घरून अर्धा तास आधी निघा. तुमची वाट पाहणाऱ्यांना तुम्ही थोडे उशिरा पोहोचलात तरी चालेल, धडधाकट पोहोचलात म्हणजे झाले.