गळते की पाझरते?

गेल्या आषाढात एके सकाळी आमच्या अंगणातील फरशीवर रुपयाएवढा तांबडा डाग दिसला. पावसाळ्यात आमच्या भागात तांबड्या डागाचे कोणास अप्रूप नाही; चिखलच तांबडा. परंतु हा डाग बोटास बुळबुळीत लागला. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला, तर सकाळी त्यावर तीन डाग. इंजिनचे ऑइल वापराने काळे पडते, आमच्या गाडीच्या रेडिएटरमधील पाणी हिरवे. तांबडे ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे.

गाडी वीस वर्षांची आहे. ती विकून का टाकत नाही, असे बाररूममधील स्नेही विचारतात. बालपणी पोलिओने आमचा डावा पाय अधू झाला. क्लच दाबणे आम्हांस जमत नाही. ही गाडी हाती येईपर्यंत खानापूर, निपाणी, चिकोडी येथील तारखांना आम्ही बसने जात असू, नाहीतर कोणाच्या तरी उपकाराने. पक्षकाराच्या गाडीतून न्यायालयाच्या आवारात उतरणाऱ्या वकिलाचा संकोच काय असतो, हे वकिलालाच ठाऊक. तेव्हा पुठ्ठ्यावरील ते तीन डाग आम्हांस तीन नोटिसांसारखे वाटले.

प्रथम आम्ही एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. तेथील तरुणाने गाडीखाली टॉर्च मारला आणि ‘गिअरबॉक्स लीकेज’ असा निकाल दिला. गिअरबॉक्स उतरवून पूर्ण खोलावा लागेल, खर्च ऐंशी हजारांच्या घरात. ते नको असल्यास तेलात ओतण्याची एक बाटली होती. तिने आतले रबर फुगते आणि गळती काही काळ थांबते. काही काळ म्हणजे किती, यावर तो हसला. साक्षीदार असा हसला की उलटतपासणी तेथेच थांबवावी, हा आमचा अनुभव.

मग खानापूर रोडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. पत्र्याची शेड आणि हाताखाली दोन पोरे, एवढाच त्यांचा पसारा. त्यांनी गाडीकडे न पाहता आम्हांलाच प्रश्न केला, “वकीलसाब, गळायलंय का पाझरायलंय?”

आम्ही निरुत्तर झालो. आयुष्य शब्दांवर काढलेल्या माणसाने दोन्हींत काय फरक, असे विचारणे लाजिरवाणे होते, तरी विचारले. पाझरते तेव्हा धातूला घाम फुटल्यासारखा ओलावा येतो, त्यावर धूळ चिकटते, पण खाली काही पडत नाही. ठिबकते तेव्हा थेंब मोजता येतात. गळते तेव्हा मोजण्यास वेळच नसतो. पहिल्यावर नजर ठेवावी, दुसऱ्यावर महिनाभरात इलाज करावा, तिसऱ्यात गाडी जागची हलवू नये. कारण तेल कमी झाले की गिअर उशिरा पकडतो, क्लचप्लेटी घसरतात आणि जळतात. त्यांचा कन्नड बोलणारा पोऱ्यादेखील ‘सोरु’ आणि ‘जिनुगु’ हे दोन शब्द निरनिराळे योजत होता. ‘लीकेज’ या एका शब्दात मात्र हे सारे भेद बुडाले होते, आणि त्या बुडीताची किंमत आमच्या बाबतीत ऐंशी हजार ठरत होती.

मिस्त्रींनी गिअरबॉक्स खालून रॉकेलने धुऊन कोरडा केला आणि आम्हांस वीसेक किलोमीटर फिरवून आणावयास सांगितले. चालत्या गाडीत तेल वाऱ्याने मागे पसरते, म्हणून जेथे ते सर्वांत जास्त दिसते तेथे ते निघत नाही. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू शोधावयाचा. तो सापडला उजव्या अ‍ॅक्सलपाशी. गिअरबॉक्स निर्दोष; दोषी होते अ‍ॅक्सलभोवतीचे ऑइल सील. बाहेर पत्र्याचे कडे, आत रबराची पातळ ओठासारखी कड आणि ती कड अ‍ॅक्सलवर दाबून धरणारी बारीक स्प्रिंग, एवढीच ती वस्तू.

काम दुपारभर चालले. गाडी घोड्यांवर घेतली, तेल खुणा केलेल्या डब्यात काढले, चाक व खालचा बॉल जॉइंट सोडवून अ‍ॅक्सल ओढला. जुने सील उचकटताना बसण्याच्या जागेवर ओरखडा उठू नये म्हणून मिस्त्री श्वास रोखून होते. नव्या सीलच्या ओठाला तेच तांबडे तेल लावून, उद्यमबागेतील लेथवर पूर्वी कधी करवून घेतलेले नायलॉनचे कडे त्यावर ठेवून, चहूबाजूंनी हलके ठोकत ते सरळ बसविले. अ‍ॅक्सल परत घालताना त्याच्या खाचा ओठाला लागल्या तर सारी मेहनत फुकट. शेवटी डब्यात निघाले तेवढेच तेल मोजून ओतले. गाडी गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, गिअरचा दांडा सर्व खुणांवरून फिरवून डिपस्टिक पाहिली. तेल जास्त झाले तरी फेसाळते.

दहा दिवसांनी पुठ्ठ्यावर पुन्हा थेंब. आम्ही सीलच बनावट असल्याचा संशय धरून तावातावाने गेलो. मिस्त्री चिडले नाहीत. त्यांनी गिअरबॉक्सच्या माथ्यावरची हवा सोडणारी लहानशी नळी तपासली, तर ती वाळलेल्या तांबड्या चिखलाने बुजलेली. आत हवा तापून फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलबाहेर ढकलते. “माझंच चुकलं, आधी हेच बघाय पाहिजे होतं,” असे म्हणून त्यांनी नळी साफ केली, सील पुन्हा बदलले आणि मजुरी घेतली नाही. निकाल देणाऱ्याने स्वतःची चूक अशी सहज मान्य केल्याचे आम्ही आमच्या क्षेत्रात फारसे पाहिलेले नाही. दोन्ही खेपांचा मिळून खर्च चार हजारांच्या आत राहिला.

जुने सील आमच्या टेबलावर आहे. त्याची कड नखाने दाबूनही वाकत नाही. पुठ्ठा अजून गाडीखाली असतो. मागील आठवड्यात डाव्या अ‍ॅक्सलपाशी ओलसर धूळ दिसली म्हणून मिस्त्रींना फोन केला.

“थेंब पडलाय का?”

“नाही. पाझरायलंय.”

“मग तारखा करा की वकीलसाब.”